भारतभूमीचे माप घेणारा : विल्यम लॅम्बटन

आदिलाबादेहून नागपूरच्या वाटेस लागले म्हणजे पैनगंगा ओलांडून, पांढरकवडा व वडकी ही गावे मागे टाकीत राजमार्ग हिंगणघाटास पोहोचतो. वर्धा जिल्ह्यातील हे गाव कापसाच्या बाजारपेठेसाठी सर्वांस ठाऊक आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे नातेवाईक तिकडे असतील, आणि सणावाराला किंवा लग्नकार्याला त्या वाटेने जाणेयेणेही होत असेल. परंतु या गावी एका थोर गणितज्ञाची कबर आहे, हे फारच थोड्यांच्या कानावर आलेले असते. विल्यम लॅम्बटन हे त्यांचे नाव. संपूर्ण हिंदुस्थानचे माप घेण्याचे काम त्यांनी आरंभिले, आणि ते करीत असतानाच या गावी त्यांनी देह ठेविला.

त्यांची कथा सांगण्यापूर्वी वर्गातील एका साध्या प्रश्नाकडे वळू. आदिलाबाद शहर ज्यावर येते तो भारतीय सर्वेक्षण खात्याचा नकाशा जुन्या क्रमांकनानुसार ५६ आय/१० हा होय. अशा नकाशाच्या दोन पिढ्या आहेत. जुना नकाशा एका इंचास एक मैल या प्रमाणाचा, म्हणजे कागदावरील एक लांबी जमिनीवर तिच्या ६३,३६० पट. देशाने दशमान पद्धती स्वीकारल्यानंतर नव्या नकाशांसाठी ५०,००० पट हे प्रमाण ठरले. दोन्ही नकाशे १५ कला अक्षांश व १५ कला रेखांश एवढाच प्रदेश दाखवितात. म्हणजे जमीन तीच, कागद मात्र लहानमोठे. जुन्याची चौकट सुमारे ४१.४ सेंटिमीटर रुंद व ४३.७ सेंटिमीटर उंच, तर नव्याची सुमारे ५२.५ सेंटिमीटर रुंद व ५५.३ सेंटिमीटर उंच भरते. आता जुना आयत नव्या आयतावर तंतोतंत बसवावयाचा आहे. त्यास कितीने गुणावे?

उत्तर सोपे आहे. ६३,३६० ला ५०,००० ने भागले की १.२६७२ येतात. हा झाला प्रमाणगुणक. जुन्या आयताची रुंदी व उंची या दोहोंस त्याच एका संख्येने गुणले की तो नव्या आयताशी एकरूप होतो. कागदाचे क्षेत्रफळ मात्र या संख्येच्या वर्गाच्या पटीने, म्हणजे सुमारे १.६ पट वाढते, हे विसरू नये. परीक्षेत पुष्कळ जण येथेच गुण घालवितात.

हे इतके सुबकपणे जुळते, ते कशामुळे? कागदावरचा आयत खऱ्या जमिनीच्या आकाराशी प्रामाणिक आहे, म्हणून. तो तसा व्हावा यासाठी ज्यांनी आयुष्याची वीस वर्षे वेचली, त्यांचे हे चरित्र आहे.

लॅम्बटन यांचा जन्म अठराव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात, नॉर्थअ‍ॅलर्टन गावाजवळील क्रॉस्बी ग्रेंज या वस्तीत झाला. घरची स्थिती बेताची होती. त्यांची गणिताची ओढ पाहून नॉर्थअ‍ॅलर्टन येथील शाळेत त्यांस प्रवेश मिळाला व शिक्षण झाले. इ. स. १७८१ मध्ये सैन्यात दुय्यम अधिकाऱ्याची जागा मिळाली आणि लवकरच ते ३३ व्या पायदळ पलटणीत दाखल झाले. त्या वेळी इंग्लंडचे अमेरिकन वसाहतींशी युद्ध चालले होते. यॉर्कटाउन येथे इंग्रज सैन्याने शस्त्रे खाली ठेविली, तेव्हा लॅम्बटनही कैदेत पडले. सुटकेनंतर कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात त्यांस बराकींच्या देखरेखीचे काम मिळाले आणि तेथे वर्षांमागून वर्षे गेली. रानावनांचा मुलूख, सोबती थोडे, बढतीची आशा नाही. दुसरा एखादा या एकांतवासाने खचला असता. लॅम्बटन यांनी तो काळ पृथ्वीच्या आकाराविषयीचे व मोजणीच्या शास्त्राविषयीचे ग्रंथ वाचण्यात घालविला. सूर्यग्रहण पाहताना त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी अधू झाली, असे सांगतात. पुढे सारे जीवन दुर्बिणीस डोळा लावून बसण्यात गेले, तेव्हा एका डोळ्यावर त्यांनी केवढे काम केले याची कल्पना करावी.

त्यांची पलटण १७९७ च्या सुमारास हिंदुस्थानात आली. तिचे नेतृत्व आर्थर वेलस्ली यांच्याकडे होते. हेच पुढे वॉटर्लूच्या लढाईत नेपोलियनास हरवून ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्धीस आले. लॅम्बटन त्या वेळी वयाच्या चाळिशीपलीकडे गेलेले, लाजरे, मितभाषी असे गृहस्थ होते. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणास वेढा पडला असता एका रात्री सेनापती बेअर्ड यांची तुकडी अंधारातून निघाली. काही वेळाने लॅम्बटन यांनी आकाशाकडे पाहिले आणि सेनापतींस नम्रपणे कळविले की आपण उत्तरेस जात नसून दक्षिणेस, टिपू सुलतानाच्या छावणीच्या रोखाने, चाललो आहोत. सेनापतींस प्रथम हे पटले नाही. मग होकायंत्र पाहण्यात आले, आणि ताऱ्यांची साक्ष खरी ठरली.

युद्ध संपले, टिपूचे राज्य गेले, आणि कंपनीच्या ताब्यात मोठा मुलूख आला. त्याचा नकाशा हवा होता. सारा बसवावयाचा, रस्ते आखावयाचे, पलटणी हलवावयाच्या, या सर्वांसाठी नकाशा लागतो. म्हणजे ही मोजणी राज्य करणाऱ्यांच्या सोयीसाठी सुरू झाली, हे आपण डोळ्यांआड करू नये. परंतु लॅम्बटन यांनी सरकारपुढे जी योजना मांडली ती केवळ सोयीपुरती नव्हती. समुद्रापासून समुद्रापर्यंत त्रिकोणांची साखळी टाकून प्रत्येक ठिकाण गणिताने निश्चित करावे, आणि त्याच कामातून पृथ्वीचा खरा आकार किती चपटा आहे हेही काढावे, असा त्यांचा बेत होता. वेलस्ली यांनी पाठिंबा दिला व मद्रास सरकारने मान्यता दिली. खर्चाच्या विरोधात बोलणारेही होते. कोणास श्रीरंगपट्टणास जावयाचे असेल तर पालखीचे भोई वाट जाणतातच, मग एवढा खटाटोप कशाला, असा एका अधिकाऱ्याचा आक्षेप होता म्हणतात.

आता त्रिकोणच का? आयत का नव्हे? या प्रश्नात खरी मौज आहे. जगातील सर्व आयतांचे चारही कोन काटकोनच असतात. तरी सर्व आयत एकाच आकाराचे नसतात. आपल्या फळ्याचा आयत निराळा आणि वहीचा निराळा. कोन जुळले म्हणून आयत समरूप होत नाहीत. त्यांच्या बाजूंचे गुणोत्तरही जुळावे लागते. त्रिकोणाचे तसे नाही. दोन त्रिकोणांचे कोन सारखे असले की ते समरूप असलेच पाहिजेत. म्हणून एका टेकडीवरून दुसऱ्या दोन टेकड्यांमधील कोन मोजला, तेथून पुढील कोन मोजला, असे करीत गेले म्हणजे सबंध देशाचा आकार केवळ कोनांवरून कळतो. दरी, नदी, जंगल यांतून साखळी ओढीत जावे लागत नाही.

मात्र कोनांवरून केवळ आकार कळतो, आकारमान कळत नाही. तेच कोन घेऊन सारा हिंदुस्थान वहीच्या पानावरही काढता येतो आणि मैदानावरही. खरे आकारमान ठरविण्यासाठी जमिनीवरची एक तरी रेषा प्रत्यक्ष मोजावी लागते. तीस पायारेषा म्हणतात. ती एक लांबी कळली की तिच्यावरून प्रमाणगुणक मिळतो आणि त्याने उरलेल्या हजारो बाजू ठरतात. म्हणजे पायारेषेत चूक झाली तर ती चूक सर्वत्र जाते. समजा, पायारेषा हजारांत एक या हिशेबाने जास्त धरली गेली. मग सातशे मैलांच्या अंतरात साडेतीन हजार फुटांहून अधिक खोट येईल. आणि गंमत अशी की नकाशा पाहून ती कोणासही दिसणार नाही, कारण सर्व काही एकाच प्रमाणात वाढलेले असेल, आकार जसाच्या तसा राहील. कोन कितीही वेळा मोजले तरी ही चूक सापडत नाही.

हे लॅम्बटन जाणून होते. म्हणून १८०२ च्या एप्रिल महिन्यात मद्रासजवळ सेंट थॉमस टेकडीच्या परिसरात त्यांनी पायारेषेचे काम सुरू केले, तेव्हा त्यांच्या काळजीस पारावार नव्हता. रेषा साडेसात मैलांची होती. मोजण्यासाठी शंभर फुटांची पोलादी साखळी होती. तिला अडीच अडीच फुटांचे चाळीस दुवे होते. या साखळीचा इतिहासही नवलाचा आहे. इंग्लंडच्या राजाने चीनच्या बादशहाकडे पाठविलेल्या वकिलातीबरोबर ती गेली होती. बादशहास तिचे कौतुक वाटले नाही आणि फिरत फिरत ती कलकत्त्यास आली, तेथे ती लॅम्बटन यांच्या हाती पडली. साखळी जमिनीवर टाकून ओढणे त्यांस मान्य नव्हते. खुंट्यांवर लाकडी पेट्या समपातळीत मांडून तीत साखळी ठेवावयाची, वजनाने ताण द्यावयाचा, शेजारी उष्णतामापक ठेवून दर वेळी उष्णता टिपावयाची, असा क्रम होता. दुसरी साखळी वापरात न आणता केवळ पडताळ्यासाठी ठेविलेली होती.

उष्णतेची एवढी चिंता का? पोलाद तापले की वाढते. शंभर फुटांची साखळी दहा अंश सेल्सिअसने अधिक तापली तर ती इंचाच्या सुमारे अष्टमांशाने लांबते. एवढ्याशा वाढीची कोण पर्वा करील? परंतु साडेसात मैलांत अशी साखळी सुमारे चारशे वेळा मांडावी लागते, आणि खोट साडेचार फुटांवर जाते. तीच खोट प्रमाणगुणकातून सातशे मैलांपर्यंत पोहोचली तर चारशे फुटांहून अधिक भरते. मद्रासच्या एप्रिल-मे महिन्यातील ऊन कसे असते हे आपणां आदिलाबादकरांस सांगावयास नको. सकाळची साखळी व दुपारची साखळी या खरोखर दोन निराळ्या साखळ्या होत, हे ओळखून ते चालले.

तेथून त्रिकोण पश्चिमेस सरकू लागले. १८०४ मध्ये बंगळूरजवळ दुसरी पायारेषा मोजण्यात आली. येथे खरी परीक्षा होती. मद्रासच्या रेषेवरून त्रिकोणांच्या आधाराने बंगळूरच्या रेषेची लांबी गणिताने काढलेली होतीच. आता ती साखळीने मोजली. सात मैलांहून लांब रेषेत दोन उत्तरांतील फरक निघाला अवघा ३.७ इंच! सव्वा लाख भागांत एका भागाहूनही तो कमी होता. वर सांगितलेली न दिसणारी चूक शोधण्याचा मार्ग हाच. दूर कोठेतरी पुन्हा एक लांबी मोजावी आणि हिशेबाशी ताडून पाहावी.

साखळी पुढे पश्चिम किनाऱ्यास मंगळूरकडे पोहोचली, आणि एक आश्चर्य उघडकीस आले. तोपर्यंतच्या नकाशांत मद्रास ते मंगळूर ही द्वीपकल्पाची रुंदी चारशे मैल दाखविलेली असे. ती प्रत्यक्षात तीनशेसाठ मैलच भरली. कंपनीचा चाळीस मैलांचा मुलूख एका रात्रीत नाहीसा झाला, अशी थट्टा त्या वेळी झाली असेल तर नवल नाही.

ही चूक कोणत्या जातीची होती, हे समजावून घेण्यासाठी आलेखाचा कागद घ्या. पहिल्या आयताचे शिरोबिंदू (०, ०), (६, ०), (६, ४), (०, ४) असे मांडा. दुसऱ्याचे (०, ०), (९, ०), (९, ६), (०, ६) असे मांडा. पहिल्याच्या प्रत्येक निर्देशकास १.५ ने गुणले की दुसरा मिळतो. रुंदीचा गुणक १.५ आणि उंचीचाही १.५, म्हणून दोन्ही समरूप आहेत व गुणल्यावर एकरूप होतात. आता तिसरा आयत (०, ०), (९, ०), (९, ४), (०, ४) हा घ्या. येथे क्ष-अक्षाच्या दिशेने गुणक १.५ आहे, य-अक्षाच्या दिशेने १ आहे. कोणतीही एकच संख्या घेऊन पहिल्या आयतास या तिसऱ्याशी एकरूप करता येणार नाही. कितीही मोठा करा, कितीही लहान करा, तो बसावयाचा नाही.

जुन्या नकाशांचे असेच झाले होते. उत्तर-दक्षिण अंतरे बरीचशी बरोबर होती, कारण अक्षांश ताऱ्यांच्या उंचीवरून सहज काढता येतो. रेखांश काढणे त्या काळी फार कठीण, म्हणून पूर्व-पश्चिम अंतरे अंदाजाने भरलेली. त्या भागापुरता एका दिशेस गुणक १, दुसऱ्या दिशेस ०.९. देशाचा आयत आडवा ताणला गेला होता. केवळ लहानमोठेपणाची चूक असती तर एका गुणाकाराने ती सुधारली असती. परंतु आकारच बिघडलेला असल्यामुळे पुन्हा पहिल्यापासून मोजण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आणखी एक बारीक गोष्ट येथेच सांगून टाकतो, कारण मुले तीत हमखास अडखळतात. आयताचा कोपरा आरंभबिंदूवर नसेल तर गुणाकाराने तो मोठा होतोच, शिवाय जागाही सोडतो. (२, १), (८, १), (८, ५), (२, ५) या आयतास १.५ ने गुणा. (३, १.५), (१२, १.५), (१२, ७.५), (३, ७.५) असे शिरोबिंदू येतात. तो दुसऱ्या आयतावर पडत नाही. तरीही त्याच्या बाजू ९ व ६ आहेत, म्हणून तो त्याच्याशी एकरूपच आहे. केवळ डावीकडे ३ व खाली १.५ सरकविण्याचे काम उरते. एकरूपता आकार व आकारमान विचारते, पत्ता विचारीत नाही. मोजणीदारास मात्र पत्ताही लागतो. म्हणून लॅम्बटन मधून मधून ताऱ्यांचे वेध घेऊन स्थानाचा अक्षांश पडताळून पाहत असत.

कोन मोजण्याचे जे मोठे यंत्र त्यांच्यापाशी होते, त्यास थिओडोलाइट म्हणतात. लंडनच्या कॅरी या कारागिराने ते बनविले होते. त्याचे मुख्य चक्र छत्तीस इंच व्यासाचे, आणि सबंध यंत्राचे वजन सुमारे अर्धा टन. ते घेऊन येणारे जहाज वाटेत फ्रेंचांनी पकडले व मॉरिशसला नेले. परंतु तेथील फ्रेंच गव्हर्नरास ते शास्त्राचे साधन आहे असे कळताच त्याने सन्मानपूर्वक ते मद्रासकडे रवाना केले. युद्धाच्या धामधुमीतही एवढी सभ्यता शिल्लक होती.

या यंत्रावर मोठे संकट आले ते १८०८ मध्ये तंजावरास. सपाट प्रदेशात उंच टेकड्या नसल्यामुळे देवळांच्या गोपुरांचा उपयोग करावा लागे. बृहदीश्वराच्या मंदिरावर यंत्र चढविले जात असता दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. चक्र वाकले. ज्या वर्तुळावर अंशाचे बारीक विभाग कोरलेले, ते वर्तुळच वर्तुळ राहिले नाही. दुसरा कोणी असता तर विलायतेस पत्र लिहून नव्या यंत्राची दोनतीन वर्षे वाट पाहत बसला असता. लॅम्बटन यांनी यंत्र उलगडले, तंबूत स्वतःस कोंडून घेतले, आणि पाचरी, मळसूत्रे व कप्प्या यांच्या साहाय्याने ते चक्र केसाकेसाने ओढून पुन्हा गोल केले. सहा आठवडे हे काम चालले होते. पुढे बरीच वर्षे याच यंत्राने कोन मोजण्यात आले.

एवढे वजनदार यंत्र डोंगरमाथ्यावर कोणी नेले? नकाशावर ज्यांची नावे नाहीत त्या खलाशांनी, हमालांनी व झेंडेवाल्यांनी. झाडे तोडून दृष्टीची वाट मोकळी करणारे, रात्ररात्र दूरच्या टेकडीवर दिवा पेटता ठेवणारे हे लोक होते. रानातील हिवतापाने त्यांच्यापैकी अनेकांचे प्राण घेतले. लॅम्बटन यांच्या कीर्तीचा विचार करताना यांची आठवण सुटू नये, असे मला वाटते.

कन्याकुमारीपासून उत्तरेकडे ७८ रेखांशाच्या आसपास त्रिकोणांची जी मुख्य माळ निघाली, तीस पुढे महाचाप असे नाव रूढ झाले. ती बंगळूर, गुत्ती यांवरून निजामाच्या राज्यात शिरली. १८१५ मध्ये बिदरजवळ पायारेषा मोजण्यात आली, तेव्हा माळेची लांबी जवळजवळ दहा अंश, म्हणजे सुमारे सातशे मैल झाली होती. एका अंशाची लांबी दक्षिणेस किती आणि उत्तरेस किती, यांची तुलना करून पृथ्वी ध्रुवांकडे किती चपटी आहे हे काढण्यास हे माप फार मोलाचे ठरले. युरोपातील विद्वानांनी त्याची दखल घेतली. १८१७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने लॅम्बटन यांस सभासद करून घेतले.

१८१८ हे वर्ष आपल्या इतिहासात पेशवाईच्या अस्ताचे म्हणून ओळखले जाते. त्याच वर्षी ही मोजणी मद्रास सरकारकडून काढून गव्हर्नर जनरलच्या अखत्यारीत देण्यात आली आणि तीस बृहत् त्रिकोणमितीय सर्वेक्षण असे नाव मिळाले. नागपूरकर भोसल्यांची सत्ता नुकतीच ढासळली होती, त्यामुळे उत्तरेची वाट मोकळी झाली होती. लॅम्बटन यांच्या मदतीस जॉर्ज एव्हरेस्ट नावाचा तडफदार तरुण नेमण्यात आला. त्याने प्रथम हैदराबादच्या पूर्वेकडील कृष्णा-गोदावरीच्या रानात मोजणी केली. तेथील हिवतापाने तो व त्याची सबंध तुकडी अशी काही अंथरुणास खिळली की पुढे हवापालटासाठी त्यास आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत जावे लागले. आपल्या भागातील जुन्या अरण्यांचा दरारा तेव्हा असा होता.

लॅम्बटन आता सत्तरीच्या घरात आले होते. खोकल्याने शरीर पोखरले होते. कित्येक वर्षे त्यांचा मुक्काम हैदराबादेस होता, आणि तेथे सुखाने बसून राहिले असते तर कोणीही त्यांस नावे ठेविली नसती. परंतु काम उत्तरेस सरकले होते, तेव्हा आपले ठाणेही नागपुरास हलवावे असे त्यांनी ठरविले. सर्व सरंजाम घेऊन हिवाळ्यात ते निघाले. नागपूर चार-पाच मजलांवर आले असता हिंगणघाटच्या तळावर, १८२३ च्या जानेवारी महिन्यात, त्यांची प्राणज्योत मालवली. तेथेच त्यांस मूठमाती देण्यात आली.

त्यांच्यामागे एव्हरेस्ट यांनी सूत्रे हाती घेतली. ते स्वभावाने कडक, आणि जुन्या साखळीच्या मापावर विसंबणारे नव्हते. उष्णतेने लांबी बदलू नये अशा रीतीने लोखंड व पितळ जोडून केलेल्या नव्या पट्ट्या त्यांनी विलायतेहून आणविल्या, आणि १८४१ मध्ये बिदरची पायारेषा या पट्ट्यांनी पुन्हा मोजण्यात आली. तोपर्यंत महाचाप हिमालयाच्या पायथ्याशी देहरादूनपर्यंत पोहोचला होता. याच मोजणीच्या पुढील शाखांवरून राधानाथ सिकदार व इतर गणकांनी हिमालयातील शिखरांच्या उंचीचे हिशेब केले, आणि सर्वांत उंच शिखरास १८६५ मध्ये एव्हरेस्ट यांचे नाव मिळाले. लॅम्बटन यांच्या नावाचे शिखर नाही. हा अन्याय आहे की नाही, यावर वर्गात वाद घालण्यास हरकत नाही. माझे मत विचाराल तर स्वतः लॅम्बटन यांनी त्यात भाग घेतला नसता.

आता पुन्हा नकाशाकडे येऊ. जुन्या क्रमांकनात आदिलाबाद ज्या एक अंशी पत्रकात येते, ते ५६ आय हे १९ ते २० अक्षांश व ७८ ते ७९ रेखांश यांमधील आहे. त्याच्या बरोबर वर, २० ते २१ अक्षांशांतील पत्रक ५५ एल हे होय, आणि हिंगणघाट त्यात आहे. खरे पाहता ही पत्रके काटेकोर आयत नाहीत. रेखावृत्ते उत्तरेकडे जवळ येत जातात, म्हणून वरची कड खालच्या कडेपेक्षा किंचित आखूड असते. आरंभी सांगितलेल्या आपल्या ५६ आय/१० या लहान पत्रकात हा फरक एका मिलिमीटरपेक्षाही कमी आहे, त्यामुळे नजरेस तो आयतच भासतो. पण ५६ आय ची वरची कड आणि ५५ एल ची खालची कड ही एकच रेषा आहे, विसावे अक्षवृत्त. दोन्ही एकाच प्रमाणाची असतील तर त्या दोन कडा नेमक्या सारख्या लांबीच्या भरतात. शाळेत ही दोन पत्रके मिळाली तर टेबलावर एकाखाली एक मांडून पाहा. नागपूरचा रस्ता पांढरकवड्याच्या आसपास खालच्या कागदावरून वरच्या कागदावर जातो. तो तेथे तुटत नाही, रेसभरही सरकत नाही. तसाच बोट ठेवून वर गेले की वणा नदीच्या काठी हिंगणघाट लागते.